टाकीचे घाव आणि घाव घालणारा : चोळ मंदिरांच्या दगडकामाविषयी आपण काय शिकवतो?



'टाकीचे घाव सोसल्याशिवाय दगडाला देवपण येत नाही' ही म्हण आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. निरोपसमारंभात, बक्षीस वितरणात, अभ्यासाचा कंटाळा आलेल्या मुलाला समजावताना ती हमखास येते. आज तिच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू. म्हणीत दगड आहे, टाकी आहे, घाव आहेत, देव आहे. घाव घालणारा पाथरवट मात्र नाही. सोसण्याचे सगळे श्रेय दगडाला. ज्याच्या मनगटाने आणि फुप्फुसाने ते घाव घातले, तो वाक्याच्या बाहेर उभा आहे.

मी गेली अनेक वर्षे स्थापत्य अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला 'बांधकाम साहित्य' हा विषय शिकवतो. 'दगड' या प्रकरणाची सुरुवात मी दरवर्षी तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराने करत असे. त्या व्याख्यानात मी जे सांगत होतो, त्यातले बरेचसे चुकीचे होते. या टिपणात त्या व्याख्यानाची आणि तशाच प्रकारच्या लोकप्रिय लेखनाची चिकित्सा करायची आहे. माझी चूक दाखवून देणारा माणूस मला कुंभकोणम् तालुक्यातल्या चोळपुरम् या गावी भेटला.

१. मी काय सांगत होतो

तीन विधाने होती. पहिले : मंदिराच्या शिखरावरचा घुमट हा ८० टनांचा एकच अखंड दगड आहे. दुसरे : तो वर नेण्यासाठी सुमारे सहा किलोमीटर लांबीचा मातीचा उतार बांधला होता. तिसरे : या मंदिराच्या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. शेवटी मी म्हणत असे, 'हे कसे केले, ते आजच्या विज्ञानालाही उलगडलेले नाही.' वर्गात शांतता पसरायची. मला वाटायचे, व्याख्यान रंगले.

तिसरे विधान तर कोणीही उन्हात उभे राहून तपासू शकतो. सावली पडते. दुपारी ती विमानाच्या रुंद पायऱ्यांवर आणि चौथऱ्यावर राहते, सकाळ-संध्याकाळ अंगणात लांब पसरते. पहिल्या विधानाविषयी, मंदिराची जवळून पाहणी केलेल्या अभ्यासकांनी घुमट अनेक दगड जोडून बनवल्याचे नोंदवले आहे. तरीही 'अखंड ८० टन' हा आकडा पुस्तकातून पुस्तकात, तिथून चित्रफितींत आणि माझ्यासारख्यांच्या फळ्यावर येत राहतो.

२. गणित मांडून पाहू

दुसरे विधान आपल्या विषयाचे आहे, म्हणून ते फळ्यावर घेऊ. उताराची लांबी ६,००० मीटर, मंदिराकडच्या टोकाला उंची ६० मीटर धरू. माथ्याची रुंदी १० मीटर. मातीचा भराव उभा राहत नाही, त्याला बाजूचा ढाळ लागतो. तो १.५ आडवा : १ उभा धरू.

उंची h असेल तेथे भरावाचे छेदक्षेत्र १०h + १.५h² होते. शून्यापासून ६० मीटरपर्यंत उंची एकसारखी वाढत गेली, तर एकूण आकारमान येते ६,००० × (३०० + १,८००), म्हणजे १ कोटी २६ लाख घनमीटर. एका माणसाने दिवसाला दोन घनमीटर माती खणून, वाहून, टाकून, चोपली असे उदारपणे धरले, तरी ६३ लाख मनुष्यदिवस लागतात. दोन हजार माणसे रोज राबली, एकही सुट्टी घेतली नाही, तरी साडेआठ वर्षे. आणि नंतर तो भराव काढायचा आहेच.

राजराजाने हे मंदिर इ.स. १००३ च्या सुमारास बांधायला घेतले आणि १०१० मध्ये कळस चढवला, असे मानले जाते. म्हणजे देवळापेक्षा उतारालाच जास्त वेळ लागला असता! शिवाय मंदिराजवळ त्या भरावाचा पाया १९० मीटर रुंद होतो. मंदिराचे आवार साधारण २४० मीटर लांब आणि १२० मीटर रुंद आहे. उताराने आवार गिळून टाकले असते.

हे गणित उतार नव्हताच असे सिद्ध करत नाही. कमी उंचीचे, टप्प्याटप्प्याचे, इमारतीला बिलगून जाणारे उतार असू शकतात. लाकडी पहाडही असू शकते. पण दगड लहान असतील तर एवढ्या मोठ्या उताराची गरजच राहत नाही. १.२ × ०.६ × ०.५ मीटरचा ग्रॅनाइटचा तुकडा साधारण एक टनाचा भरतो. दोर, तरफ, ओंडके आणि बैल-हत्ती यांच्या बळावर असा दगड वर नेणे कठीण आहे, अशक्य नाही. आधी एक अवाढव्य दगड कल्पिला, म्हणून त्याला शोभेल असा अवाढव्य उतार कल्पावा लागला. एका अतिशयोक्तीने दुसरी जन्माला घातली.

३. चोळपुरम्‌चे काम

एका डिसेंबरात मी तिन्ही मोठी चोळ मंदिरे पाहायला गेलो होतो. तंजावर पाहून झाले होते. कुंभकोणमजवळचे दारासुरम् पाहून झाले होते. दुसऱ्या राजराजाच्या काळातल्या, बाराव्या शतकातल्या त्या ऐरावतेश्वर मंदिराच्या जोत्यावर शैव संतांच्या कथा एवढ्या लहान आकारात कोरल्या आहेत की वाकून पाहाव्या लागतात. पुढे गंगैकोंडचोळपुरम्‌ला जाताना वाटेत हे दुसरे, लहान चोळपुरम् लागते. माझे यजमान कुंभकोणमचे, घरात पिढ्यान्‌पिढ्या तंजावरी मराठी बोलणारे. त्यांच्या ओळखीने एका छोट्या देवळाच्या जीर्णोद्धाराचे काम पाहायला थांबलो.

साठीच्या घरातले एक कारागीर जोत्याचा फुटलेला थर बदलत होते. कावेरीच्या खोऱ्यात खणाल तेथे गाळ लागतो, दगड लागत नाही. त्यामुळे इथे आलेला प्रत्येक दगड, तेव्हा काय आणि आता काय, बाहेरूनच आलेला. दगड वाया घालवणे त्यांना परवडत नाही. त्यांनी नव्या दगडावर हातोडीने चार ठिकाणी हलके ठोकले, कान जवळ नेला, आणि एका कोपऱ्यावर कोळशाने खूण केली. तिथे आत चीर आहे, तो कोपरा मागे जाईल असा दगड फिरवायचा, असे यजमानांनी मला मराठीत सांगितले.

मी माझा ८० टनांचा प्रश्न विचारला. ते हसले. म्हणाले, 'एकच दगड असेल तर आमचे काम काय? सांधा आहे आणि तो तुम्हाला दिसला नाही, हे काम.'

मी बारा वर्षे ज्या गोष्टीने मुलांना थक्क करत होतो, ती गोष्ट त्या कारागिराच्या लेखी त्याच्या धंद्याचा अपमान होती, हे मला तिथे उभे असताना कळले. अखंड दगडाच्या कथेत कौतुक वजनाचे होते. सांध्यात कौतुक हाताचे आहे. आपण सांधा पुसून टाकला आणि त्याच्याबरोबर सांधणाराही.

४. त्या कामात विज्ञान कोणते?

'विज्ञानाला उलगडले नाही' असे म्हणण्याऐवजी काय उलगडले आहे ते पाहू.

ग्रॅनाइटमधील क्वार्ट्झची कठीणता मोह्‌स मापावर ७, फेल्डस्पारची ६. साध्या लोखंडाची यापेक्षा कमी. मग लोखंडाने ग्रॅनाइट कापला कसा? उत्तर असे की, तो कापला जात नाही, फोडला जातो. ठिसूळ पदार्थ दाबाला भक्कम आणि ताणाला कमकुवत असतात. ग्रॅनाइटची ताणसहनशक्ती दाबसहनशक्तीच्या साधारण दहाव्या ते विसाव्या हिश्श्याइतकीच असते. टोकदार टाकीने एका बिंदूवर घाव घातला की खालचे कण चुरडतात आणि भोवती बारीक भेगा पसरतात, कपचा उडतो. खाणीत एका रेषेत भोके पाडून त्यांत पाचरी ठोकतात तेव्हाही हेच तत्त्व : पाचर दगडाला आडवा ताण देते आणि दगड त्या रेषेत दुभंगतो. मामल्लपुरम्‌च्या अर्धवट राहिलेल्या लेण्यांत खडकावर चौकटी आखून, चर पाडून, मधले चौकोन उडवल्याच्या खुणा आजही दिसतात. अपुरे काम हे आपल्यासारख्या शिक्षकासाठी सर्वांत चांगले पाठ्यपुस्तक असते, कारण त्यात पायऱ्या दिसतात.

टाकी लवकर बोथट होते. म्हणून दगडकामाच्या जागी लोहाराची भट्टी लागतेच. टाकी तापवायची, ठोकून टोक काढायचे, आणि योग्य रंगावर आली की 'पाणी द्यायचे'. जास्त पाणी दिले तर टोक तुटते, कमी दिले तर वाकते. आपल्याकडचे पाथरवट हेच करत आले, आणि घरोघर जाती-पाटे टाकवून देणाऱ्यांनाही हे ठाऊक होते. तमिळमध्ये दगडाच्या कारागिराला 'कल् तच्चन्' म्हणतात. 'तच्चन्' हा शब्द संस्कृत 'तक्षन्' वरून आला, आणि त्याच तक्ष् धातूतून आपले 'तासणे' आले. भाषा दोन, पण मूळ धातू एकच.

५. उलट्या बाजूची चूक

इथे एक सावधगिरी. गूढाचा फुगा फोडल्यावर अनेक जण दुसऱ्या टोकाला जातात : 'आपल्या पूर्वजांना सगळे आधुनिक विज्ञान ठाऊक होते.' शिल्पशास्त्राच्या ग्रंथांत दगडाचे त्याच्या नादावरून पुरुष, स्त्री आणि नपुंसक असे वर्ग केलेले आढळतात. मूर्तीसाठी नाद देणारा दगड निवडावा असे सांगितले आहे. यावरून 'हीच अल्ट्रासोनिक चाचणी' असे लिहिणारे लेख मी वाचले आहेत. तसे म्हणणे बरोबर नाही. अल्ट्रासोनिक चाचणीत ध्वनिस्पंदाला ठरावीक अंतर कापायला लागलेला वेळ मोजतात आणि आकडा मिळतो, तो कोणीही पुन्हा पडताळू शकतो. कारागिराचा कान तुलना करतो. तो चीर ओळखतो, पण ते ओळखणे त्या कानाबरोबर जाते.

दोन्ही गोष्टी सदोष दगड वेगळा काढतात, एवढे साम्य खरे. त्यापुढे गेलो की आपण कारागिराला पुन्हा एकदा बाजूला सारतो. आधी त्याच्या जागी चमत्कार बसवला होता, आता ग्रंथ बसवतो. ठोकून ऐकणारा माणूस दोन्हीकडे गैरहजरच.

६. नावे होती, आपण वाचली नाहीत

'अनाम कारागीर' हा आपला आवडता शब्दप्रयोग. तो प्रत्येक ठिकाणी खरा नाही. तंजावरच्याच मंदिरातील शिलालेखात 'कुंजरमल्लन् राजराज पेरुंतच्चन्' असे नाव कोरलेले आहे. 'पेरुंतच्चन्' म्हणजे थोरला तच्चन्, मुख्य स्थपती. त्याच्याबरोबर नित्तविनोद आणि कंडरादित्त या बिरुदांचे आणखी दोन पेरुंतच्चन् आहेत. देवळाकडून वाटा नेमून दिलेल्या सेवकांच्या यादीत ही नावे येतात. हजार वर्षे ती भिंतीवर आहेत. आपल्या मराठी पुस्तकांत मात्र 'राजराजाने मंदिर बांधले' एवढेच असते.

त्याच आवारात मराठी वाचकाला जवळचा वाटणारा दुसरा लेख आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास तिथे मराठीत, देवनागरी अक्षरांत कोरून घेतला. आपल्याकडून जाणारे पर्यटक तो पाहून भारावतात. मीही भारावलो. पण तमिळ मुलखात, वळणदार लिपी कोरणाऱ्या प्रदेशात, शिरोरेषेची लांबच लांब सरळ ओळ एवढ्या दगडांवर कोणी उतरवली असेल, हा प्रश्न मला पहिल्या भेटीत सुचला नाही. आपण मजकूर वाचतो. अक्षर हेही एक काम आहे, हे विसरतो.

७. अभियंत्यांनी काय केले

चोळपुरम्‌हून पुढे कोळ्ळिडम नदीवर अणैक्करै येथे बंधारा लागतो. आर्थर कॉटन यांच्या योजनेतला हा खालचा बंधारा १८३६ सालचा. सिंचनाच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे आणि आम्ही तो शिकवतोही. पण दगड नसलेल्या या मुलखात त्याला दगड मिळाला कुठून? जवळच्या गंगैकोंडचोळपुरम्‌च्या, पहिल्या राजेंद्राने अकराव्या शतकात उभारलेल्या मंदिराची आवारभिंत पाडून तिचा घडीव दगड या कामासाठी नेण्यात आला. आज तिथे तुलनेने मोकळे आवार दिसते, त्याचे हे एक कारण.

बंधाऱ्याने शेते भिजली, हे खरेच. हिशेब मात्र पूर्ण मांडला पाहिजे. अभियंत्याच्या अंदाजपत्रकात तो दगड 'जवळ उपलब्ध साहित्य' होता. आठशे वर्षांपूर्वी कोणीतरी तो लांबून आणून, टाकी लावून, काटकोनात बसवला होता, ही मजुरी कोणत्याच रकान्यात धरली गेली नाही. कारागिराचे श्रम अदृश्य झाले की त्याचे काम पुन्हा कच्चा माल होते.

८. पाठ्यक्रमातले रिकामे पान

आता ज्यासाठी हे टिपण लिहायला घेतले, त्या मुद्द्याकडे येतो. चोळपुरम्‌च्या त्या कामावर म्हातारे कारागीर टाकी चालवत होते, पण त्यांचा तरुण मदतनीस विजेच्या ग्राइंडरने कोरडाच दगड कापत होता. पांढरा धुरळा त्याच्या पापण्यांवर बसला होता. नाकातोंडावर सुती टॉवेल गुंडाळलेला. मी त्याला विचारले, मास्क? त्याने टॉवेलकडे बोट दाखवले.

आपल्याला जे माहीत असायला हवे ते असे. ग्रॅनाइटमध्ये साधारण २० ते ६० टक्के क्वार्ट्झ असते, म्हणजे मोकळा सिलिका. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टमध्ये तो जवळजवळ नसतो, त्यामुळे महाराष्ट्रातला अनुभव ग्रॅनाइटला लावता येत नाही. फुप्फुसात खोल जाणारे कण काही मायक्रॉनचे असतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा, आणि टॉवेलच्या विणीतली भोके या कणांपुढे वेशीएवढी. जो धुरळा पापणीवर दिसतो तो जाड, त्यातला बराच बाहेरच अडतो. जो दिसत नाही तो आत जाऊन राहतो. त्यातून सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही, फक्त टाळता येतो. टाळण्याचा उपायही साधा आहे : कापताना पात्यावर सतत पाणी सोडणे, धूळ उगमापाशी ओढून घेणे आणि योग्य श्वसनयंत्र वापरणे.

१९४८ च्या कारखाना कायद्यात सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत होता. पण देवळाच्या आवारात ताडपत्रीखाली बसलेला कारागीर कारखान्यात नसतो. ऑस्ट्रेलियाने स्वयंपाकघराच्या ओट्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम दगडावर, त्यातील अतिरिक्त सिलिकामुळे, १ जुलै २०२४ पासून बंदी घातली. तिथेही आधी तरुण कामगार आजारी पडले, मग कायदा हलला.

टाकीने धूळ होत नाही असे नाही. पण हाताच्या घावाने प्रामुख्याने कपचे उडतात, आणि वेगाने फिरणारे पाते दगडाचे पीठ करते. म्हणून 'यंत्राने कष्ट कमी झाले' हे वाक्य अर्धे खरे आहे. खांद्याचे कष्ट कमी झाले, फुप्फुसाचे वाढले. आणि 'यंत्र आले, कला गेली' हे वाक्यही पुरेसे नाही. त्या मदतनिसाला ग्राइंडर सोडायला सांगणे हा उपाय नव्हे. मामल्लपुरम्‌ला १९५७ पासून शासकीय वास्तु-शिल्प महाविद्यालय आहे, तिथल्या दगडी शिल्पांना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. कला टिकवण्याची काही व्यवस्था आपण केली. कारागीर टिकवण्याची व्यवस्था तेवढीच हवी.

परत आल्यावर मी माझ्या टिपणांतले 'दगडाची घडाई' हे पान काढले. हत्यारांची नावे होती, घडाईचे प्रकार होते, आयएस ११२९ या मानकाचा उल्लेख होता. सांध्यांच्या जाडीवर परीक्षेत पाच गुणांचा प्रश्न येतो. धुळीबद्दल एक ओळ नव्हती. आमचे विद्यार्थी उद्या साइटवर उभे राहून घडीव दगडाची मोजमापे घेतील, बिल मंजूर करतील. पाण्याची नळी आणि मास्क यांचा खर्च दरात धरायचा की नाही, हे त्यांच्या सहीवर ठरेल. त्यांना हे मी शिकवलेच नव्हते. सावली न पडणारे शिखर मात्र दरवर्षी शिकवले.

९. समारोप

लोकप्रिय लेखनातले गूढ निरुपद्रवी वाटते. पण चमत्काराला मजुरी द्यावी लागत नाही आणि चमत्काराला खोकला येत नाही. कारागिराला दोन्ही होते. म्हणून दगडकामावरील कोणतेही लेखन वाचताना, माझे हे टिपण धरून, तीन प्रश्न विचारावेत : यातला आकडा मांडून पाहिला तर टिकतो का? काम करणारा माणूस वाक्यात कर्ता म्हणून येतो का? आणि त्याच्या शरीराचा हिशेब कुठे केला आहे?

म्हण बदलायची गरज नाही. फक्त ती पुढच्या वेळी म्हणताना, टाकी कोणाच्या हातात होती हे आठवावे.

स्वाध्याय

१) विभाग २ मधील गणित बाजूचा ढाळ १:१ आणि माथ्याची रुंदी ६ मीटर धरून पुन्हा करा. निष्कर्ष बदलतो का, ते लिहा.

२) वेरूळच्या कैलास लेण्यावरील एखादा लोकप्रिय मराठी लेख घ्या. त्यातील पडताळता येणारी आणि न येणारी विधाने वेगळी करा.

३) आपल्या गावातील पाथरवट, वडार समाजातील दगडफोडे किंवा ग्रॅनाइटचे ओटे बसवणारे कारागीर यांच्या कामाची जागा त्यांच्या परवानगीने अर्धा दिवस पाहा. धूळ कोणत्या कृतीत सर्वाधिक होते, पाणी कुठे वापरता येईल आणि त्याचा प्रति चौरस मीटर खर्च किती येईल, याचे अंदाजपत्रक तयार करा. ते वर्गात मांडण्यापूर्वी त्या कारागिरांना वाचून दाखवा.